आधी केबल लावून बघा, मग प्लॅन वाढवा

इंटरनेटचा २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आतल्या खोलीत वायफायवर स्पीड १५ च्या वर जात नाही म्हणताय, तर आधी राउटरमधून लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून स्पीड टेस्ट करा, तिथे पूर्ण आला तर घोळ वायफायचाच. आमच्या दादरच्या बिल्डिंगमधे शेजाऱ्यांची वीसेक वायफाय दिसतात, सगळी २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या लहरींचा एक पट्टा) कोंबलेली, म्हणजे संध्याकाळची विरार लोकलच! तुमचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, पण ते भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४ च हवं तर राउटरच्या सेटिंगमधे चॅनल (त्या पट्ट्यातला भाग) १, ६, ११ पैकी जरा मोकळा असेल तो घ्या. राउटर उघड्यावर ठेवा (आमच्या आईने शोकेसमधे कोंडला होता, दिसायला बरा नाही म्हणून). केबलवरही बरोब्बर ९४-९५ लाच अडकत असेल तर राउटरचं पोर्ट (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचं असेल, नाहीतर वायरच्या ८ पैकी ४ च तारा जोडल्या असतील.