योहानान बेन झक्काई यांच्यावर काय वाचावं? (बजेट ५०० रुपये)

ओसरी: अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्रायल आजी राहायच्या. रोमनांचा वेढा पडलेल्या जेरुसलेममधून योहानान बेन झक्काई हे ज्यू रब्बी (धर्मगुरू) मेल्याचं सोंग घेऊन शवपेटीतून बाहेर पडले, ही गोष्ट त्यांच्याकडून ऐकलेली. बाबांना आता त्यांचं चरित्र वाचून दाखवायचंय. छापील पुस्तकच हवं, ५०० च्या आत. सोपं इंग्रजी चालेल.

जुनाबाजार: जेकब न्यूसनर यांचं १९६२ चं चरित्र घ्या. मी परदेशातून मागवलं, साडेचार हजार गेले, पण पैसे वसूल.

मीठभाकर: मीही तेच घेतलं होतं. पण १९७० मध्ये न्यूसनरनीच दुसरं पुस्तक काढून या कथा पुढच्या पिढ्यांत कशा घडत गेल्या ते दाखवलं. म्हणजे एकावर भागत नाही. त्यापेक्षा थेट तालमूद (ज्यू धर्मग्रंथ) वाचा: त्यातला गिट्टीन हा भाग, पान ५६. सेफारिया या वेबसाइटवर फुकट आहे. योहानाननी रोमन सेनापती व्हेस्पाशियनकडे यावने हे गाव आणि तिथले विद्वान मागितले, शिवाय रब्बी सादोकसाठी वैद्य. जेरुसलेम वाचावं म्हणून सादोक ४० वर्षं उपास करत होते. वैद्यांनी पहिल्या दिवशी नुसतं कोंड्याचं पाणी दिलं, मग भरड पिठाचं, मग पिठाचं, आतडं हळूहळू सैलावेपर्यंत. लंघनानंतर आई आम्हाला पेजेची निवळ द्यायची, अगदी तसंच.

दर्यावर्दी: यावने मागितलं, जेरुसलेम का नाही? मला हे कधीच पटलेलं नाही.

मीठभाकर: हा आक्षेप तालमूदातच आहे, रब्बी अकिवांच्याही नावावर सांगतात. उत्तरही तिथेच: फार मागितलं तर थोडंही हाती लागायचं नाही. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, तेव्हा यावनेनंच अभ्यासाची परंपरा सांभाळली.

दर्यावर्दी: ते उत्तर वाचलंय. शहर जळत असताना मला ते पुरत नाही.

सांजवेळ: न्यूसनर +१. अवांतर: बहीण अश्दोदला असते, तिच्याकडे गेले तेव्हा यावने पाहून आले. जवळच आहे.

ओढाळ: जोसेफस (त्या काळचा ज्यू इतिहासकार) मात्र घेऊ नका. मी अख्खा वाचला, योहानानचं नाव एकदाही नाही. फार हिरमोड झाला.

ओसरी: सगळ्यांचे मनापासून आभार. गिट्टीन मोबाइलवर वाचून दाखवलं. कोंड्याच्या पाण्यापाशी बाबांनी थांबवलं आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. पुस्तक मात्र जोसेफसचंच मागवलंय, जुनी प्रत, ३५० ला. त्यात योहानान नाहीत हे कळलं, पण गिट्टीनमध्ये वाचल्यापासून बाबा सारखं विचारतायत, वेढ्यात आपल्याच शहरातली धान्याची कोठारं लोकांनी का जाळली? आधी ते वाचणार आहोत.