'टेक द ए ट्रेन' नेमकी कोणाची?

मंद्रसप्तक (प्रश्न): अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळख ठरलेली 'टेक द ए ट्रेन' ही चाल मी इतकी वर्षे त्यांचीच समजत होतो. परवा तबकडीवरचे बारीक अक्षर वाचले, तर रचनाकार म्हणून बिली स्ट्रेहॉर्न यांचे नाव निघाले. ते समलिंगी होते म्हणूनच मागे राहिले, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे, आणि त्यांची रचना ऐकून ओळखता येते का?

जुनी तबकडी: मित्राचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पिट्सबर्गच्या या तरुणाने डिसेंबर 1938 मध्ये एलिंग्टन यांना गाठून पियानो ऐकवला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे त्यांच्याच वाद्यवृंदासाठी लिहिले. पियानोवादक एरन ब्रिजर्स यांच्याबरोबर ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काहीही न लपवता राहत होते. त्या काळच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय कलावंताने असे राहणे किती जोखमीचे होते, हे सांगायला नको. एलिंग्टन यांच्या आडोशाला त्यांना तसे जगता आले आणि श्रेयही त्याच आडोशात झाकले गेले. तरीही एलिंग्टन यांना खलनायक ठरवणे मला पटत नाही. गंमत अशी, की 1941 मध्ये रेडिओ कंपन्या आणि एलिंग्टन सदस्य असलेली रचनाकारांची संघटना यांच्यातील हक्कांच्या वादामुळे त्यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर वाजेनाशा झाल्या; स्ट्रेहॉर्न त्या संघटनेत नव्हते, आणि ती पोकळी भरताना स्ट्रेहॉर्न यांची 'ए ट्रेन' घरोघरी पोहोचली.

कोमल धैवत: दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. 'ए ट्रेन'मध्ये पियानोची सुरुवात संपून मुखडा सुरू झाला, की षड्ज (सा) धरून ऐका: शुद्ध स्वरांतून चढत गेलेली चाल तिसऱ्या बारमध्ये (चार मात्रांच्या तिसऱ्या खंडात) थेट कोमल धैवतावर जाऊन ठाकते, खालची स्वरसंगती त्याच क्षणी बदलते, आणि तरीही कानाला कुठे ठेच लागत नाही. त्यांच्याच 'चेल्सी ब्रिज'मध्ये हाच स्वभाव अधिक धूसर होतो. 'लश लाइफ' त्यांनी विशीच्या आसपास लिहिली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. इतका थकलेला आवाज त्या वयात कुठून आला?

मंद्रसप्तक: दोघांचेही आभार. आज मुखडा चार वेळा ऐकला, धैवत सापडला. आता पुढे काय ऐकावे?

जुनी तबकडी: 'ब्लड काउंट'. अन्ननलिकेच्या कर्करोगाने रुग्णालयात असताना त्यांनी ती पूर्ण केली. 31 मे 1967 रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी एलिंग्टन यांनी केवळ त्यांच्या रचनांची तबकडी ध्वनिमुद्रित केली, तीत वाद्यवृंदातल्या जॉनी हॉजेस यांनी ती सॅक्सोफोनवर वाजवली आहे. त्याच तबकडीवरची 'लोटस ब्लॉसम' मात्र हेडफोन लावून ऐका: वादक आवराआवर करत आहेत, मागे बोलण्याचे आवाज आहेत, आणि एलिंग्टन एकटेच पियानोवर ती वाजवत बसले आहेत.