सीबीएसईच्या मुलाला उत्क्रांती शिकवू की नको?

लालबागची शिकवणी:
आमच्या चाळीत मी दहावीचं विज्ञान शिकवते. दोन चुलत भावंडं येतात. ती एसएससीची, तिच्या भाग 2 मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो सीबीएसईचा, त्याच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढलाय. चटई एकच. परवा त्यानं विचारलं, “बाई, मला नाहीये, मी जाऊ?” म्हटलं, बस. संध्याकाळी त्याचे बाबा आले. “परीक्षेला नाही ते कशाला? माणूस माकडापासून झाला हे त्याच्या डोक्यात नको. आमच्याकडे देवधर्म आहे.” माणूस भला आहे हो, भांडायला नव्हता आला. काय सांगू त्यांना?

वसईकर:
देवधर्म आमच्याकडेही आहे. मी कॅथलिक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच सांगितलं की उत्क्रांती ही आता नुसती परिकल्पना राहिलेली नाही. आणि ख्रिस्ती अमेरिकेतच, टेनेसीत, 1925 मध्ये ती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला 100 डॉलर दंड झाला होता. तिथे आमदारांनी तसा कायदाच केला होता. म्हणून सगळं धर्मावर ढकलू नका.

परळची जीवशास्त्रवाली:
आपल्याकडेही तेच. 2018 मध्ये केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, डार्विनचा सिद्धांत चुकीचा म्हणाले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून विरोध केला. 2023 मध्ये दहावीतून हा भाग गेल्यावर 1,800 हून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण पोरगा कॉमर्सला गेला तर? त्याला हे कोणीच शिकवणार नाही. मला याचाच फार त्रास होतो. बाबांना एवढंच सांगा: आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक होते. दशावताराचा दाखला मात्र देऊ नका. मत्स्य, कूर्म ऐकून माना डोलतात, पण नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणाऱ्या जीवांचा वंश जास्त वाढतो ही मूळ गोष्ट, समजायची तशीच राहून जाते.

लालबागची शिकवणी:
पूर्वज एक, हे सांगितलं. ते गप्प ऐकत होते. मग त्यांच्या आई म्हणाल्या, “जिन्यात पडले तेव्हा डॉक्टर माकडहाडच म्हणाला होता ना?” पोरानं लगेच स्वतःची पाठ चाचपली. रविवारी कोंबडीच्या पंखाची हाडं उकळून, धुऊन नेणार आहे. वर एक, खाली दोन, मग बारीक. आपल्या हातातही तीच मांडणी. बाबांनाही बसायला सांगितलंय.