मदत हवी आहे: रॅमचा स्पीड ३६००ला नेला, रात्री मेमटेस्ट (रॅमची चाचणी) स्वच्छ, दुपारी मात्र रेंडर अडकायलंय

नमस्कार मंडळी, मी निपाणीचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, लगीनसराई डोक्यावर आहे आणि मशीननं नेमका आत्ताच त्रास द्यायला सुरुवात केलीय. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६०, आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, ३२०० स्पीड, सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा उशीर), एक्सएमपी (कंपनीनं ठरवून दिलेलं सेटिंग) १.३५ व्होल्टची. दोन वर्षं काही कुरबूर नव्हती.

रायझनला ३६०० मानवते असं सगळीकडं वाचलं म्हणून बायोसमध्ये ३६०० केलं, सीएल१८, व्होल्टेज १.४०, बाकी सगळं ऑटो. पहिल्या फटक्यात बूट झालं. रात्री झोपताना मेमटेस्ट८६ लावलं, सकाळी उठून बघतोय तर चारही फेऱ्या पास, एरर शून्य, मला वाटलं झालं काम.

पण दुपारी दोन-तीनला रेंडर लावलं की साठ-सत्तर टक्क्यांवर अडकतंय, कधी सॉफ्टवेअरच बंद, दोनदा निळा स्क्रीन आला मेमरी मॅनेजमेंट म्हणून. तेच प्रोजेक्ट रात्री अकराला लावलं तर शेवटपर्यंत सरळ जातंय. परवा तर रेंडर पूर्ण झालं, एरर कसलाच नाही, आणि चालवून बघतोय तर बरोबर अक्षता पडतात तिथं चार-पाच फ्रेमवर हिरवे चौकोन. कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ क्लिप बघितली, ती चांगली आहे. तसाच पेनड्राइव्ह त्या घरी गेला असता तर, त्या माणसांना ती वेळ परत कुठनं आणून देणार होतो मी?

खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा, एसी नाही. रॅमला सेन्सर आहे, रात्री ३९ दाखवतंय, दुपारी रेंडरला ५४. अजून एक कळेना झालंय, हात लावला रॅमला पण सीपीयूचं रिकाम्या वेळचं टेंपरेचरच ४१वरनं ४६ झालंय, आणि रेंडरमध्ये क्लॉक उलट थोडं कमीच दिसायलंय. असं कसं होईल?

उत्तर १ (बेळगाव, टिळकवाडी)

दादा, आधी सीपीयूचं सांगतो. मेमरी कंट्रोलर सीपीयूच्या आतच असतो. ३६०० केलंस म्हणजे मेमरी क्लॉक १८००, त्याच्या जोडीनं इन्फिनिटी फॅब्रिकपण (सीपीयूच्या आतले भाग जोडणारी वाट) १८००, आणि ऑटोवर ठेवलं की बरेच बोर्ड एसओसी (मेमरी कंट्रोलर असलेला सीपीयूचा भाग) व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त चढवून ठेवतात. ५६००ला पॅकेजची एकूण मर्यादा ७६ वॉट, त्यातलं एसओसीनं जास्त खाल्लं की कोअरच्या वाट्याला कमी येतंय, म्हणून क्लॉक उतरतंय. एसओसी किती आहे बघ.

आता रॅम. एकेक बिट म्हणजे बारीकसा कपॅसिटर, चार्ज गळत असतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ रिफ्रेश करावी लागते. गरम झालं की गळती वाढते. कंपनीच्या ठरलेल्या स्पीडला ८५ डिग्रीपर्यंत चालावं एवढी ढील ठेवलेली असते, ती ढील तू स्पीडमध्ये खर्च केलीस, म्हणून ५४लाच चुकायलंय. आणि मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड गप्प बसलेलं असतं. रेंडरला तेच कार्ड १७० वॉटपर्यंत जातं आणि त्याची गरम हवा थेट स्टिकवर. टेस्ट करायची तर विंडोजमध्ये टेस्टमेम५ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लाव, सोबत कार्डावर लोड दे, आणि भर दुपारी कर.

उत्तर २ (खानापूर)

वरचं बरोबर आहे, पण काम हातात असताना टेस्ट करत बसू नका ओ, आज आधी ३२००ला परत या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगरच्या (विंडोज हार्डवेअरच्या चुका टिपतं त्या) नोंदी आहेत का तेपण बघा, असतील तर फॅब्रिकवर संशय. आणि ३६००वर असताना जेवढ्या फाइली कॉपी केल्या त्या मूळ कार्डाशी ताडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. एसओसी ऑटोनं १.१५ होतं. व्हीयाची एकपण नोंद नाही. आज अडीच वाजता टेस्टमेम५ आणि कार्डाचा लोड एकत्र लावला, नवव्या मिनिटाला, रॅम ५२ झाल्यावर पहिला एरर, मग रांगच लागली. बाजूचं झाकण काढून टेबल फॅन रॅमकडं तोंड करून ठेवला, ४३वर थांबलं आणि तासभर एकपण एरर नाही.

लगेच एक्सएमपी ३२००ला आलो, झाकण लावून तेच प्रोजेक्ट टाकलं, सरळ गेलं. ४१ मिनिटं लागली, ३६००वर ३९ लागत होती. दोन मिनिटांसाठी एवढं सगळं.

दोन लग्नांचं फुटेज ३६०० असताना उतरवलेलं आहे, कार्डं अजून माझ्याकडंच आहेत. एकेक फाइल उघडून बघत बसण्यापेक्षा कार्ड आणि हार्ड डिस्क दोन्हीकडचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरनं काढलेला आकडा) ताडून बघायला सोपं सॉफ्टवेअर कुणी वापरलं असेल तर सांगा, साडेचारशेच्या वर क्लिपा आहेत आणि सोमवारी डिलिव्हरी द्यायचीय.