परवान्याआधी पिस्तूल निवडण्याविषयी

कराडच्या सदस्यांनी सोबत बाळगण्यासाठी आणि सरावासाठी एकच छोटे पिस्तूल घ्यावे का, असे विचारले आहे, आणि त्यावर काहींनी ९ मिमीची परदेशी नावे सुचवली आहेत. ती आपल्याकडे गैरलागू आहेत, कारण ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) असल्याने सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, प्रत्यक्षात निवड बहुधा .३२ बोअरमध्येच करावी लागते, जसे की पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल.

सांगली किंवा साताऱ्यात परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, शस्त्र नियम २०१६ मधील नमुन्यात करावा लागतो, आणि पोलीस चौकशीत जिवाला धोका असल्याचे कारण नीट मांडता आले नाही तर पिस्तुलाचा प्रश्नच उरत नाही. परवाना मिळाल्यावरही शस्त्र होल्स्टरमध्येच (पिस्तुलाच्या म्यानातच) बाळगायचे असते. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, हेही गृहीत धरावे (आमच्याकडे निवडणुका तरी कधी संपतात!).

सरावासाठी मात्र मी हे पिस्तूल घेणार नाही. आखूड नळी आणि जवळजवळ असलेल्या माशी-खाचेमुळे (नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमुळे) नेमातील बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी दिसते, शिवाय काडतुसे महाग असून त्यांची संख्या परवान्यावर ठरलेली असते. त्यापेक्षा ४.५ मिमीचे एअर पिस्तूल घेऊन १० मीटरवर रोज अर्धा तास चाप (ट्रिगर) सावकाश दाबण्याचा सराव केल्यास हात लवकर बसतो.