सल्ला हवा: १२० पीसींच्या गेमिंग स्पर्धेसाठी नेटवर्क कसं उभारावं?

पंचगंगाकाठचा

नमस्कार मंडळी,

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी डिसेंबरात दोन दिवसांची गेमिंग स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. जागा कोल्हापूरच्या बाहेर, कॉलेजचाच इनडोअर हॉल. १२० पीसी (व्हॅलोरंट आणि सीएस२, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २) आणि बीजीएमआय या मोबाइल गेमच्या १६ टीम, म्हणजे ६४ मोबाइल. पीसी भाड्याने येणार, मोबाइल ज्याचे त्याचे. यूट्यूबवर दोन लाइव्ह स्ट्रीम.

मी एका छोट्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो, म्हणून हे गळ्यात पडलंय. कमिटीचं म्हणणं एकच: "१ जीबीपीएसची लाइन घे, विषय संपला." कॉलेजची ३०० एमबीपीएसची लाइन आहे, पण ती त्यांच्या फायरवॉलमधून येते. लाइन किती घ्यावी, स्विच कसे मांडावेत, बीजीएमआय वायफायवर खेळवावं का? स्विच विकत घेण्याइतकं बजेट नाही, भाड्याने जमेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांतराव

कमिटी बरोबर बोलतेय. १ जीबीपीएस घ्या आणि झोपा.

तारजोड्या

निवांतराव, झोपलात तर उठवायला १२० पोरं येतील.

कमिटीला आधी साधं गणित दाखवा. सामना चालू असताना एका खेळाडूला १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. सगळे एकदम खेळले तरी शंभरच्या आतच. दोन स्ट्रीमना मिळून वीस-पंचवीस एमबीपीएस अपलोड. लाइन खातं ते डाउनलोड. समजा प्रत्येक पीसीवर ४० जीबीचा गेम उतरवायचाय. १२० पीसी म्हणजे ४८०० जीबी. १ जीबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने धावली तरी सेकंदाला १२५ एमबी, म्हणजे साडेदहा तास. तुमच्या ३०० वर दीड दिवस. आणि भाड्याच्या पीसींवर गेम अद्ययावत असतील अशी आशा धरू नका.

म्हणून पहिला खर्च लाइनवर नको, लॅनकॅशवर करा. एकदा उतरवलेला गेम साठवून ठेवणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालतं. पीसींना डीएचसीपीतून (आपोआप आयपी वाटणारी सोय) त्याचाच डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) द्यायचा. पहिल्या पीसीने स्टीमवरून (सीएस२ तिथूनच येतो) जे उतरवलं ते बाकीच्या ११९ जणांना हॉलमधल्याच मशीनवरून मिळतं. त्या मशीनला एनव्हीएमई एसएसडी आणि १० जीबीपीएसचं कार्ड हवं. जुनी हार्ड डिस्क लावलीत तर इंटरनेटपेक्षा हळू चालेल. स्टीमचं मी खात्रीने सांगतो. व्हॅलोरंटवाल्या रायट कंपनीचे डोमेनही त्याच्या यादीत आहेत, तरी व्हॅलोरंट आधी दोन मशीनवर उतरवून बघा आणि दुसऱ्याला खरंच कॅशमधून मिळतंय का ते लॉगमध्ये तपासा.

सीएस२ चा डेडिकेटेड सर्व्हर हॉलमध्येच चालवा. तो फुकट उतरवता येतो, लिनक्सवर मजेत चालतो. मग लाइन हेलकावे खात असली तरी त्या सामन्याचं पॅकेट हॉलबाहेर जातच नाही. शिवाय तो दर राउंडची बॅकअप फाइल लिहितो, सर्व्हर कोसळला तर त्या राउंडपासून सामना पुन्हा सुरू करता येतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर हॉलमध्ये ठेवायची सोय नाही. सर्व्हर रायटचेच, आपल्याकरता मुंबईतले. बीजीएमआयही तसंच. म्हणजे इंटरनेटची खरी काळजी या दोघांपुरती.

आता स्विच. इथे लोक घोटाळा करतात. सगळा हॉल एकाच सपाट नेटवर्कवर टाकतात आणि कोणीतरी मोकळी दिसलेली केबल शेजारच्या मोकळ्या पोर्टात खोचतो. लूप होतो, ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून असलेल्या, गोल फिरत राहणाऱ्या संदेशांचा) पूर येतो आणि सगळा हॉल एकदम आडवा. मोठे गेमिंग मेळावे, म्हणजे नॉर्वेची द गॅदरिंग (ईस्टरच्या सुट्टीत, हामारच्या ऑलिंपिक स्केटिंग हॉलमध्ये भरते) किंवा स्वीडनची ड्रीमहॅक बघा. हजारो मशीन असतात, पण टेबलांच्या रांगांना त्यांचा त्यांचा स्विच आणि त्यांचा त्यांचा सबनेट (नेटवर्कचा वेगळा तुकडा). एक रांग पडली तर तेवढीच पडते.

तुमच्यासाठी २० पीसींच्या सहा रांगा. प्रत्येक रांगेला २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, स्वतःचं व्हीलॅन (स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क), स्वतःचा /२४ (सुमारे अडीचशे पत्त्यांचा सबनेट). रांगेतून मधल्या एल३ (राउटिंगही करणाऱ्या) स्विचपर्यंत फायबर, राउटिंग त्या मधल्या स्विचवर. ४८ पोर्टचे स्वस्त पडले तरी घेऊ नका, एक गेला की ४० जण बसतील. एक तोटा सांगून ठेवतो: सबनेट वेगळे असल्यामुळे सीएस२ च्या लॅन यादीत सर्व्हर दिसणार नाही. कन्सोलमध्ये आयपी टाकून कनेक्ट करायला लावा, टेबलावर चिठ्ठी चिकटवा.

खेळाडूंच्या प्रत्येक पोर्टवर चार गोष्टी: पोर्टफास्ट (तार लावताच पोर्ट चालू), बीपीडीयू गार्ड (लूप शोधायचे स्विचचे संदेश, म्हणजे बीपीडीयू, आले की पोर्ट बंद), डीएचसीपी स्नूपिंग (परका डीएचसीपी अडवणं), स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा). स्नूपिंग यासाठी की कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लावतो आणि तो शेजाऱ्यांना आयपी वाटत सुटतो. स्टॉर्म कंट्रोल यासाठी की काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. त्यांच्यात लूप झाला तर गार्डला पत्ताच लागत नाही.

हबकालीन

आमच्या वेळी सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळताना एक हब आणि आठ पीसी होते. केबलला पाय लागला की अख्खी टीम मेलेली. मजा तीच होती.

पंचगंगाकाठचा

तारजोड्या, शतशः आभार. कमिटीला साडेदहा तासांचं गणित दाखवलं, शांतता पसरली.

दोन शंका. कॉलेजचा फायरवॉल वापरू की नको? आणि दुसऱ्या कंपनीची आणखी एक लाइन घ्यायचा विचार आहे. एक पडली की आपोआप दुसरीवर जाईल असं करता येईल ना?

तारजोड्या

फायरवॉल बाजूला ठेवा. तो ऑफिसच्या ब्राउझिंगसाठी बसवलेला असतो, प्रत्येक पॅकेट उघडून बघतो, यूडीपीची (गेमचा डेटा ज्या पद्धतीने जातो ती) सेशन लवकर मिटवतो. कॉलेजच्या सिस्टम अ‍ॅडमिनशी गोड बोलून त्याच्या आधीच एक पोर्ट मागून घ्या, नाहीतर दोन दिवसांपुरती वेगळी लीज लाइन (वेग फक्त तुमच्यासाठी राखीव) मागवा. १०० एमबीपीएसची खरी लीज लाइन तुम्हाला ३०० च्या ब्रॉडबँडपेक्षा जास्त उपयोगाची. स्थिर पब्लिक आयपी मागा, सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी) मागे बसू नका.

राउटरवर केक (पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) लावा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये आहे, ओपनडब्ल्यूआरटीमध्येही आहे. वेग लाइनच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न साठता तुमच्या हातात राहते. कोणी काही अपलोड करायला घेतलं तरी पिंग उड्या मारत नाही.

आपोआप फेलओव्हरच्या नादी लागू नका. लाइन बदलली की बाहेरचा आयपी बदलतो आणि चालू सामने तसेही तुटतात. वर लाइन अर्धवट आजारी असली, म्हणजे चालू आहे पण पॅकेट गळताहेत, तर राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसतो. दुसरी लाइन जरूर घ्या. स्ट्रीम, ऑफिशियल आणि लॅनकॅश तिच्यावर टाका. गरज पडली तर रेफ्रीने सामना थांबवायचा आणि माणसाने लाइन बदलायची.

क्रिंपिंगताई

इव्हेंटच्या नेटवर्कचंच काम करते, पुण्यात. वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण दादा, दोन लाइन दोन कंपन्यांच्या असून भागत नाही. दोन्हींचं फायबर पुष्कळदा त्याच रस्त्याने, त्याच विजेच्या खांबांवरून लटकत येतं. एक जेसीबी, नाहीतर उसाची उंच भरलेली एक ट्रॉली, दोन्ही घेऊन जाते. आणि डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे ऐन हंगाम! लाइनमनला गेटपासून पुढे चालत दाखवायला सांगा. दोन्ही एकाच खांबावर आल्या तर दुसरी आरएफने (वायरलेस) घ्या, गच्चीवर डिश लावून.

विजेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मॉनिटरसकट एका गेमिंग पीसीला ४५० वॉट धरा. १२० चे झाले ५४ किलोवॉट. पॉवर फॅक्टर ०.८ ने भागा, साडेसदुसष्ट केव्हीए. ८२.५ चा जनरेटर कागदावर पुरतो, पण एलईडी वॉल, लाइट आणि साउंड त्याच्यावर टाकलेत की संपलं. १२५ केव्हीए मागवा किंवा साउंड-लाइटला वेगळा घ्या. मी तर सामने चालू असताना जनरेटरवरच चालवते आणि महावितरण राखीव ठेवते. उलटं केलं तर वीज गेल्यावर जनरेटर लोड घेईपर्यंतच्या काही सेकंदांत १२० पीसी रीबूट होतात. स्विच, राउटर आणि सर्व्हर मात्र काहीही असलं तरी यूपीएसवर.

तीन फेजवर लोड सारखा वाटा आणि न्यूट्रलची वायर बारीक नको. न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात आणि भाड्याच्या पीसींचे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) रांगेने उडतात. इलेक्ट्रिशियनला हे तोंडी सांगू नका, समोर उभं राहून न्यूट्रल घट्ट करून घ्या. अर्थिंग मोजून घ्या.

केबल: तापकीर गल्लीत असो की लॅमिंग्टन रोडवर, "कॅट ६" म्हणून सीसीएचं बंडल गळ्यात मारतात. आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तार चाकूने खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत करा. टेबलापर्यंत फॅक्टरीचे पॅच कॉर्डच वापरा. दोन्ही टोकांना नंबर. खुर्चीची चाकं केबलवरून जाणार नाहीत अशी बांधा, टेबलाच्या खालून, पायाजवळून नव्हे.

मोबाइलवीर

बीजीएमआयचं कोणी सांगेल का? माझ्या मते चांगला वायफाय ६ चा एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट) लावला की ६४ फोन सहज.

तारजोड्या

जोडले जातील सहज. खेळता येतील का, हा प्रश्न वेगळा. वायफायवर हवा सगळ्यांची एकच, एका वेळी एकानेच बोलायचं. वायफाय ६ ने थोडं सुधारतं, पण सगळे फोन वायफाय ६ चे नसतात.

जमत असेल तर टाइप-सी ते इथरनेट अडॅप्टर घ्या, चार्जिंगचं भोक असलेले. फोनला तार लागली की प्रश्न मिटला.

क्रिंपिंगताई

इथे माझा थोडा वेगळा अनुभव. खेळाडूंना फोनला लोंबणारी तार नको असते, पकड बिघडते म्हणतात, आणि काही मॉडेलवर अडॅप्टर चार्जिंग आणि डेटा एकत्र देत नाही. ६४ जणांचे ६४ तऱ्हेचे फोन असतील तर सकाळचे दोन तास त्यातच जातील. फोन आयोजकांचे, सगळे एकाच मॉडेलचे असतील तर अडॅप्टर उत्तम.

वायफायच करायचं तर नीट करा. २.४ गिगाहर्ट्झ बंद. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, आणि प्रेक्षकांचे हॉटस्पॉट व ब्लूटूथ इअरफोन सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल, ३६ ते ४८ चे चार आणि १४९ ते १६५ चे पाच. मधले डीएफएसचे टाळा. रडारसारखा सिग्नल दिसला की एपीला चॅनल सोडावाच लागतो, मग सामना असो की फायनल. चार एपी, प्रत्येकी १६ फोन, पॉवर कमी ठेवून, टेबलांच्या जवळ. छताला टांगलेला एक मोठा एपी सगळ्या हॉलचं ऐकत बसतो. टीमचे चारही फोन एकाच एपीवर बांधा.

प्रेक्षकांना वायफाय द्यायचंच नाही. स्पॉन्सर मागेल, तरी नाही.

तारजोड्या

मान्य. ६४ वेगवेगळे फोन असतील तर ताईंचंच करा.

पंचगंगाकाठचा

फोन ज्याचे त्याचेच आहेत, तेव्हा चार एपी. सगळं टिपून घेतलं. शेवटचा प्रश्न: सामने शनिवारी सकाळी ९ ला सुरू. हॉल गुरुवारी संध्याकाळी मिळतोय, पीसी शुक्रवारी दुपारी येणार. तपासणी कशी आणि कधी करू?

क्रिंपिंगताई

गुरुवारी रात्री वीज आणि फायबर, पीसी यायच्या आधी. स्विच घरीच कॉन्फिगर करून, नावं चिकटवून आणा. एक जादा स्विच अगदी तशाच कॉन्फिगरेशनचा भरून ठेवा, आणि मधला एल३ स्विचही दोन भाड्याने घ्या. दोघांना जोडून रिडंडन्सीचे प्रोटोकॉल लावत बसू नका, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. दुसरा बंद अवस्थेत शेजारी ठेवा, तारा काढून लावायला पाच मिनिटं.

शुक्रवारी पीसी लागले की विंडोज अपडेट थांबवा, लॅनकॅशवरून गेम उतरवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डला (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं, भाडेवाल्याला आजच विचारा.

तारजोड्या

शुक्रवारी रात्री सगळ्या पीसींवरून एकदम आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि त्याच वेळी प्रत्येक रांगेतून राउटरला पिंग. पॅकेट गळणारा पोर्ट तेव्हाच सापडतो, एकेक पीसी तपासून नाही. मग मुद्दाम लूप करा, एका रांगेत पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचा. फक्त ते पोर्ट बंद पडले पाहिजेत आणि बाकीच्या पाच रांगांना कळतासुद्धा कामा नये. बंद झालेला पोर्ट पाच मिनिटांनी आपोआप सुरू होईल असं सेटिंग ठेवा; काही स्विचवर ते मुळात बंद असतं. शेवटी जनरेटरवर पूर्ण लोड, तासभर.

मॉनिटरिंगला स्मोकपिंग आणि लिब्रेएनएमएस पुरे. हौस असेल तर गॅदरिंगवाल्यांची गोंडुल ही प्रणाली गिटहबवर खुली आहे, पण पहिल्या वर्षी नको.

आणि रेफ्रींच्या नियमांत आत्ताच लिहून घ्या: एक खेळाडू तुटला तर किती वेळ थांबायचं, पूर्ण रांग गेली तर काय, राउंड परत कधी खेळवायचा.

पंचगंगाकाठचा

नियमांचा मसुदा आज रात्री कमिटीच्या ग्रुपवर टाकतो. लाइनमनला उद्या सकाळी बोलावलंय, खांब बघायला. जनरेटर १२५ चा ठरला, साउंडला वेगळा.

निवांतराव

लूपची चाचणी घ्याल तेव्हा व्हिडिओ टाका. वाचनखूण साठवली आहे.