ऑनलाइन कोर्समधली कॉपी : क्विझ आणि अहवाल, दोन्हींचं काय करावं?

प्रश्न
मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) संख्याशास्त्राचा ८ आठवड्यांचा कोर्स, विद्यार्थी ६०. दर आठवड्याला १० प्रश्नांची क्विझ आणि शेवटी १५०० शब्दांचा अहवाल. क्विझ सुरू झाली की तासाभरात उत्तरं ग्रुपवर फिरतात. अहवालांत उचललेले परिच्छेद असतात. वेबकॅमची पाळत नको आहे. दुसरं काय करता येईल?

उत्तर १
आधी क्विझच्या सेटिंगमधले रिव्ह्यू ऑप्शन्स (विद्यार्थ्याला काय, कधी दिसेल ते) तपासा. प्रयत्न संपताच 'बरोबर उत्तर' दिसत असेल, तर उत्तरपत्रिका तुम्हीच वाटताय. ते फक्त 'क्विझ बंद झाल्यावर' या रकान्यात चालू ठेवा. मात्र क्विझला बंद होण्याची वेळ दिलेली हवी, नाहीतर उत्तरं कधीच दिसणार नाहीत.

मग रँडम प्रश्न, म्हणजे प्रश्नांच्या साठ्यातून (बँकेतून) प्रत्येकासाठी आपोआप उचललेले. इथे बँकेचा आकार फार महत्त्वाचा. १५ प्रश्नांतून १० उचलले तर कोणत्याही दोघांना सरासरी ६-७ प्रश्न सारखेच येतात, ४० मधून उचलले तर २-३. लहान बँकेवर रँडम लावून काही साधत नाही. तुमच्या विषयाला 'कॅल्क्युलेटेड' प्रकार अगदी योग्य आहे : प्रश्न एकच, आकडे प्रत्येकाला वेगळे. टॉलरन्स (उत्तरात किती फरक चालेल ती मर्यादा) मात्र विचार करून ठरवा. तो फार कडक असला तर मधल्या पायरीवर पूर्णांकन करणाऱ्याचं बरोबर उत्तरही चूक ठरतं.

उत्तर २
अहवालाबद्दल. टर्निटिनची (मजकूर इतर स्रोतांशी ताडून पाहणारं साधन) टक्केवारी म्हणजे चोरीचं माप नव्हे, ती फक्त जुळणारा मजकूर मोजते. ३०% मध्ये नुसती संदर्भसूची आणि अवतरणं असू शकतात, तर ८% मध्ये एक अख्खा उचललेला परिच्छेद. सूची आणि अवतरणं वगळून अहवाल उघडा आणि जुळलेला भाग स्वतः वाचा. मसुदा वेगळ्या असाइनमेंटमध्ये घेत असाल तर तो टर्निटिनच्या रिपॉझिटरीत (जमा झालेल्या कामांच्या संग्रहात) साठवू नका, नाहीतर अंतिम अहवाल स्वतःच्याच मसुद्याशी जुळतो.

त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येकाला मोठ्या डेटासेटमधल्या वेगवेगळ्या २०० ओळी द्या. तिसऱ्या आठवड्यात आराखडा, पाचव्यात मसुदा, सातव्यात अहवाल घ्या. शेवटी ५ मिनिटांची तोंडी : 'इथे सरासरी न घेता मध्यक का घेतला?' ६० जणांचे सलग ५ तास होतात. तेवढा वेळ नसेल तर चिठ्ठ्या टाकून १५ जण निवडा, पण असं होणार हे पहिल्याच आठवड्यात सांगा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं वापरावीत का? आणि सेफ एक्झाम ब्राउझर?

उत्तर ३
डिटेक्टरच्या आकड्यावरून कुणाचेही गुण कापू नका. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. निर्दोष विद्यार्थ्यावर आळ येणं कॉपी सुटण्यापेक्षा वाईट. शंका आली तर फाइलचा आवृत्ती-इतिहास मागा. एका झटक्यात चिकटवलेले १२०० शब्द दिसले तरी तो पुरावा नाही, मजकूर दुसरीकडे लिहिलेला असू शकतो. तिथून तोंडी प्रश्न सुरू करा.

सेफ एक्झाम ब्राउझर फक्त तो एक संगणक कुलूपबंद करतो, शेजारच्या मोबाइलचं काही करू शकत नाही. शिवाय तो विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, त्यामुळे क्रोमबुकवाले अडकतात. साप्ताहिक क्विझसाठी एवढा खटाटोप नको. आठही क्विझ मिळून १५ गुणच ठेवा आणि बाकीचं वजन अहवाल व तोंडीवर टाका.